रात्रभर उघड्यावर उभी गाडी, दव आणि रंग: तुम्ही काय करता?

विक्रोळीकर_मी

मंडळी, आमच्या इमारतीला स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालचं, खांबांमधलं) आहे, पण तिथली जागा आमच्या वाट्याला आलेली नाही. गाडी कंपाउंडच्या भिंतीपासून जरा लांब, उघड्या आभाळाखाली उभी असते. दसऱ्याला घेतलेली नवी गाडी आहे, गडद करडा मेटॅलिक रंग.

दिवाळी सरली तशी सकाळी टप, बॉनेट आणि पुढची काच ओलीचिंब दिसायला लागली. रात्री सर येऊन गेली की काय, असं वाटावं इतकी. ऊन चढलं की पाणी सुकतं आणि मागे पांढुरके गोल डाग राहतात. सुरुवातीला ओल्या फडक्याने जायचे, आता काही डाग हलायलाच तयार नाहीत. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं काम चालू आहे, त्यामुळे धूळही भरपूर.

शोरूमवाले सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पारदर्शक संरक्षक थर) करा म्हणतात, सासरे कव्हर घाला म्हणतात, वॉचमन म्हणतो पहाटे पुसून घेत जा. तिघांचं ऐकावं, की कुणाचंच नाही? उघड्यावर गाडी ठेवणाऱ्यांचे अनुभव हवेत. सोबत बॉनेटचा फोटो देतोय.

मीनल_द

फोटो दिसत नाहीये. पण प्रश्न आमचाही हाच आहे, म्हणून धाग्यावर बसून राहते.

कोपऱ्यावरचा_चहा

सासऱ्यांचं ऐका. गाडीचं काय व्हायचं ते होईल, घरात शांतता राहील.

जुनी_पद्मिनी

गिरगावात आमची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी वर्षानुवर्षं रस्त्यावर उभी असायची. जाड कापडी कव्हर शिवून घेतलं होतं. रोज रात्री घालायचं, सकाळी काढून गॅलरीच्या कठड्यावर वाळत टाकायचं. रंग शेवटपर्यंत चांगला होता. हल्लीच्या गाड्यांचे रंग नाजूक आणि माणसांना कव्हर घालायचा कंटाळा. माझं मत कव्हरलाच.

रंगारी_बाबा

काका, आदर ठेवून सांगतो, तुमचा काळ आणि तुमचा रंग दोन्ही वेगळे होते. मी डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहे. पद्मिनीवर एकाच जातीच्या रंगाचे जाड थर असत. वरचा थर पांढुरका पडला की रबिंग पॉलिश मारायचं, खालचा ताजा रंग वर यायचा. आजच्या गाडीत पत्र्यावर आधी गंजरोधक प्रायमर, मग सरफेसर, मग रंगाचा पातळ थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याची आणि उन्हापासूनचं संरक्षणही त्याचंच. दर पॉलिशला त्यातले थोडे मायक्रॉन कायमचे जातात, म्हणून रबिंग मारून डाग काढायची जुनी सवय आता सोडलेली बरी.

विक्रोळीकर, एक सांगा. डाग फक्त टपावर आणि बॉनेटवर आहेत, की दारांवरही? यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

पार्ल्याची_मास्तरीण

दवाबद्दल थोडं लिहिते. भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही.

दव आकाशातून पडत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गाडीचा टप आपली उष्णता सरळ आभाळाकडे टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश थंड होतो. समजा हवा २२ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के आहे. अशा वेळी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते, साधारण साडेएकोणीस अंश असतो. टपाचं तापमान त्याखाली गेलं की त्याला टेकलेल्या हवेतली वाफ तिथेच पाणी होऊन बसते. ढगाळ रात्री किंवा वारा सुटलेला असताना हे फारसं होत नाही. पावसाळा संपल्यावर आकाश मोकळं झालं की डाग दिसायला लागतात, ते म्हणूनच.

आता एक गोष्ट प्रत्यक्ष बघा. इमारतीच्या अगदी लगत उभी असलेली गाडी सकाळी जवळून पाहा. भिंतीकडची दारं आणि काचा बहुतेक वेळा कोरड्या सापडतील आणि मोकळ्या बाजूच्या ओल्या. दिवसभर तापलेली भिंत रात्री गाडीला ऊब देते आणि त्या बाजूचं आभाळही झाकते. झाडाखाली, शेडखाली दव कमी दिसतं त्याचं कारणही हेच. म्हणजे काही विकत घेण्याआधी गाडी भिंतीच्या जितकी जवळ सरकवता येईल तितकी सरकवा.

सागरगोटा

मास्तरीणबाई, किती छान सांगितलंत! पण आमच्याकडे वर्सोव्याला भिंत बिंत काही उपयोगाची नाही. दव नसलेल्या दिवशीही गाडी चिकट ओली असते. बोट फिरवलं तर बोटाला खारट लागतं, मी खरंच चाखून बघितलंय.

पार्ल्याची_मास्तरीण

सागरगोटा, ते मीठच आहे. दुपारपासून संध्याकाळपर्यंत खारे वारे समुद्राकडून येतात आणि मिठाचे बारीक कण सगळीकडे बसवतात. रात्री वारा पडतो, पहाटे मतलई वारे उलटे वाहतात, पण बसलेलं मीठ जागेवरच राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. मुंबईत पहाटे तेवढी आर्द्रता असणं ही रोजची बाब. तेव्हा तुमच्याकडे दव पडायचीही गरज नाही. समुद्राजवळच्यांनी गाडी पुसण्यापेक्षा साध्या पाण्याने धुवावी, आणि खालची बाजू, चाकांच्या कमानींच्या आतलं अंगही विसरू नये.

दादर_फलाट

आमची गाडी रुळांच्या भिंतीला लागून उभी असते. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके! मी गंज समजून घाबरलो होतो, पत्र्याला भोकं पडणार म्हणून.

रंगारी_बाबा

दादरकर, तो तुमच्या पत्र्याचा गंज नाही. लोकलची चाकं, रूळ, ब्रेक यांचं घासणं चालू असतं, त्यातून लोखंडाचे बारीक कण उडतात. ते क्लिअर कोटमध्ये रुततात आणि दवाने रोज थोडे थोडे गंजतात. लोखंड काढायचं द्रावण मिळतं. फवारलं की त्या ठिकाणी जांभळे ओघळ येतात. मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि उरलेल्यावर क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. क्ले फिरवताना पृष्ठभाग साबणपाण्याने सुळसुळीत हवा, आणि क्लेची वडी खाली पडली तर टाकून द्यायची. परत वापरली तर जमिनीवरची वाळू रंगावर ओरखडे काढते.

हात फिरवून कण कळत नसतील तर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि धुतलेल्या बॉनेटवर बोटं फिरवा. पिशवीतून खरखर स्पष्ट लागते.

विक्रोळीकर_मी

रंगारी_बाबा, आत्ता खाली जाऊन पाहिलं. डाग दारांवरही आहेत. टपावर जास्त, पण दारांवर हँडलच्या खाली ओघळ सुकल्यासारख्या उभ्या रेषा आहेत. याचा अर्थ काय?

रंगारी_बाबा

याचा अर्थ गुन्हेगार एकटं दव नाही. दव साचतं ते मुख्यतः आडव्या भागावर. दारावर उभे ओघळ असतील तर ते धुण्याच्या पाण्याचे. गाडी कोण धुतं आणि पाणी कुठलं?

विक्रोळीकर_मी

सकाळी एक दादा येतात, इमारतीतल्या बऱ्याच गाड्या पुसतात. पाणी बोअरचं. पालिकेचं पाणी गाड्यांना वापरायचं नाही असा सोसायटीचा नियम आहे, आणि तो योग्यही वाटतो.

अनु_ठाणे

घ्या! सापडलं!! आमच्याकडेही हेच झालेलं. पालिकेचं पाणी तानसा, भातसा, वैतरणेचं, म्हणजे साठवलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार कमी. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नळावर पांढरा थर धरतो, तोच थर गाडीवर बसतो. दव तर मुळात डिस्टिल्ड वॉटरसारखं. त्याच्यात स्वतःचं असं काही नसतं, खाली जे पडलंय ते ते विरघळवतं.

मीनल_द

मग बिचारं दव निर्दोष?

पार्ल्याची_मास्तरीण

एकटं असेल तर जवळजवळ निर्दोष. पण धुळीवर पडलं की नाही. विक्रोळीकरांच्या शेजारी बांधकाम आहे हे विसरू नका. सिमेंटची धूळ पाण्यात अल्कधर्मी होते आणि रात्रभर रंगावर बसून राहते. सकाळच्या उन्हात एकेक थेंब आटत जातो तसं त्यातलं द्रावण तीव्र होत जातं आणि शेवटी सगळा क्षार एका कड्यात गोळा होतो. डाग गोल दिसतात ते यामुळे. नुकसान रात्री कमी आणि सकाळी आठ-नऊच्या उन्हात जास्त होतं.

टपोरी_टायर

२०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियम काढले होते. पत्र्याचं उंच कुंपण, हिरवं कापड, पाण्याची फवारणी, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुणं, सगळं त्यात आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला पत्र द्या. आम्ही दिलं, तेव्हा फवारणी सुरू झाली. गाडीचं राहू द्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीसाठी तरी द्या.

विक्रोळीकर_मी

हे लगेच करतो. आई रोज खोकते.

जुनी_पद्मिनी

सगळं ऐकलं. पण कव्हर घातलं तर धूळही नाही, दवही नाही, पक्ष्यांची घाणही नाही. मग कव्हर का नको, ते कुणी सांगेना.

रंगारी_बाबा

सांगतो काका. कव्हर वाईट नाही, धुळकट गाडीवरचं कव्हर वाईट. सिमेंटची धूळ बसलेल्या बॉनेटवर कव्हर ओढलं की तो पॉलिशपेपरच झाला. वाऱ्यात कव्हर फडफडतं आणि रात्रभर घासत राहतं. कडांवर, आरशांवर, डिकीच्या कोपऱ्यांवर रंग आधी उडतो तो याच कारणाने. शिवाय बाजारातली स्वस्त चंदेरी कव्हरं हवा खेळू देत नाहीत. जमिनीची ओल आत अडकते, ऊन पडलं की आत वाफ होते आणि रंग त्या दमट उबेत शिजतो. दुसऱ्यांदा रंगवलेल्या पॅनेलवर अशाने फोड आलेले मी पाहिलेत.

तुम्ही रोज घालून रोज वाळवत होतात, आणि गाडीही रोज पुसत असणार. ते करणाऱ्याला कव्हर लाभतं. महिनाभर गाडी हलणार नसेल तरीही कव्हर ठीक, पण आधी धुऊन, पूर्ण सुकवून, हवा खेळणारं बहुपदरी, आत मऊ अस्तर असलेलं आणि पोटाखालून पट्टा बांधलेलं.

जुनी_पद्मिनी

पटलं अर्धं. रोज पुसत होतो हे खरं. पण पक्ष्यांच्या घाणीचं काय? आमच्या इथे कबुतरांना दाणे टाकणारे कमी नाहीत.

सागरगोटा

कबुतरांवर वेगळा धागा काढा काका, इथे सुरू झालं तर गाड्या राहतील बाजूला.

रंगारी_बाबा

पक्ष्यांची घाण मात्र दवापेक्षा किती तरी वाईट. तिच्यात युरिक आम्ल असतं. उन्हात क्लिअर कोट तापून मऊ होतो, घाण आत बसते, रात्री थंड होताना तो आकसतो आणि तिथे कायमचा ठसा उमटतो. दिसली की त्याच दिवशी काढा. घासू नका. ओला टिश्यू वर ठेवून पाच-दहा मिनिटं मुरू द्या, मग उचलून घ्या. गाडीत पाण्याची छोटी स्प्रे बाटली ठेवा.

झाडाखाली दव कमी हे मास्तरीणबाई म्हणाल्या ते खरं, पण झाड कुठलं ते बघा. मुंबईच्या रस्त्यांवर पर्जन्यवृक्ष बरेच आहेत आणि त्यांच्यावर पिठ्या ढेकूण पडतो. त्याच्या चिकट स्रावावर धूळ बसली की फडक्याने निघत नाही.

मीनल_द

सिरॅमिक कोटिंगचं कुणी बोललंच नाही. शोरूमवाल्यांनी मला सांगितलं की पाणी टिकणारच नाही, घरंगळून जाईल.

अनु_ठाणे

माझ्या गाडीला केलेलं आहे. पाऊस घरंगळतो, गाडी चालवताना तर फारच छान. पण उभ्या गाडीवर दव घरंगळत नाही! टप जवळजवळ सपाट. दवाचे मण्यांसारखे टपोरे थेंब जागच्या जागी बसून राहतात आणि तसेच सुकतात. उलट डाग जास्त ठळक दिसतात. फायदा इतकाच की ते कोटिंगवर बसतात, खालच्या रंगावर नाही, आणि धूळ सहज निघते. गाडी धुवायला वेळ निम्मा लागतो, त्यासाठी मला पैसे वसूल वाटतात. पण सिरॅमिक केलं म्हणून धुणं सुटलं असं समजू नका.

दादर_फलाट

मेणाचं काय मग? कार्नोबा वॅक्स.

रंगारी_बाबा

मेण चांगलं आणि स्वस्त, पण मुंबईच्या उन्हात महिना-दीड महिना धरा. सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणासारखंच लावायचं कृत्रिम लेपन, त्याहून जास्त टिकतं. दसऱ्याला एक हात आणि होळीच्या सुमारास एक, एवढं केलं तरी उघड्यावरच्या गाडीला पुष्कळ. अनुताईंशी एका बाबतीत माझं जमत नाही. नव्या गाडीला लगेच सिरॅमिक करण्यापेक्षा आधी धुण्याची पद्धत सुधारा. चुकीचं पाणी आणि एकच फडकं तसंच राहिलं तर कोटिंगही लवकर खराब होईल.

अनु_ठाणे

पद्धत सुधारा हे मान्य. पण नवीन असतानाच कोटिंग केलं तर आधी पॉलिश कमी लागतं, क्लिअर कोट वाचतो. त्यामुळे मी तरी "थांबा" म्हणणार नाही.

कोपऱ्यावरचा_चहा

विक्रोळीकर, आता सासरे, शोरूमवाले, वॉचमन, रंगारी आणि अनुताई, असे पाच जण झाले. चहा सांगू का?

पार्ल्याची_मास्तरीण

वॉचमनचा सल्ला मात्र नीट तपासायला हवा. पहाटे पुसणं वेळेच्या दृष्टीने अगदी बरोबर, उन्हाआधीच पाणी काढलं पाहिजे. पण कशाने पुसता त्यावर सगळं आहे. दवाने धूळ ओली झालेली असते, पण वाहून गेलेली नसते. त्यावर दाबून फडकं फिरवलं तर चिखलाने घासल्यासारखं होतं. उन्हात बॉनेट तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, ते याचे.

टपोरी_टायर

आमच्या गाडी पुसणाऱ्या दादांना आम्ही दोन मायक्रोफायबर कापडं आणि एक वेगळी बादली घेऊन दिली. त्यांच्या एकाच फडक्यात आधीच्या दहा गाड्यांची वाळू असते, त्यात त्यांचा काय दोष? सांगितलं की आधी बादलीभर पाणी वरून ओता, धूळ जाऊ द्या, मग कापड न दाबता टपापासून खाली आणा, चाकं शेवटी दुसऱ्या फडक्याने. महिन्याचे पैसे थोडे वाढवून दिले. ते मनापासून करतात आता, आणि बाकीच्या गाडीवाल्यांनाही कापड मागतात.

मीनल_द

हे फार आवडलं. उद्याच करते.

विक्रोळीकर_मी

धागा काढून दोनच दिवस झाले आणि एवढं मिळालं, सगळ्यांचे मनापासून आभार. आता झालेलं सांगतो.

गाडी भिंतीपासून हातभर अंतरावर आणली. भिंतीकडची बाजू आज सकाळी खरंच कोरडी होती, हँडलवर हात ठेवून पाहिला. पाण्यासाठी घरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी साठवावं असा विचार आहे. आणि जे डाग हलत नाहीत त्यांच्यावर काय लावू? यूट्यूबवर कुणी टूथपेस्ट सांगतंय, कुणी लिंबू.

अनु_ठाणे

आरओचं वाया जाणारं पाणी अजिबात नको! पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्यातच असतात, मूळ पाण्यापेक्षा ते जड असतं. त्याने लादी पुसा. गाडीवर शेवटचा हात मात्र पालिकेच्या पाण्याचा द्या. अर्धी बादली आणि पिळलेलं कापड पुरतं, फक्त तुमचा नियम आहे म्हणून सोसायटीला आधी विचारून घ्या.

रंगारी_बाबा

टूथपेस्ट नको, त्यात घासणारी पूड असते. लिंबूही नको. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. आधी धुवा. मग मिश्रणात भिजवलेलं मऊ कापड डागावर दोन मिनिटं नुसतं ठेवा, उचला, भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करा. आधी एका कोपऱ्यात करून बघा. त्या जागेचं मेण निघून जाईल, ते परत लावा. गेले ते डाग क्षाराचे. जे राहिले आणि नखाला किंचित खळगा लागला, ते क्लिअर कोटमध्ये उतरलेत.

शिवाय बॉनेटच्या पुढच्या कडेवर खडी लागून रंगाचे टवके उडालेत का तेही पाहा. डागापेक्षा मला त्यांची काळजी जास्त. तिथे दव थेट पत्र्यापर्यंत पोचतं. टचिंगची बाटली घेऊन टोकदार काडीने भरून टाका. आणि वायपरखालच्या खाचेतली पानं काढत जा. पाणी जायची वाट बुजली की ओल दिवसभर तिथेच राहते.

विक्रोळीकर_मी

रविवारी सकाळी केलं. दारांवरच्या रेषा पूर्ण गेल्या. टपावरचे बहुतेक गेले. बॉनेटवर पाच-सहा गोल राहिलेत, तिरक्या उन्हातच दिसतात. टवका एक सापडला, नंबर प्लेटच्या वर, तो भरला. उरलेल्या डागांसाठी आता मशिन पॉलिश करून घेऊ का? दुकानदार म्हणतो पूर्ण गाडीचं करा, सोबत कोटिंगवर सूट देतो.

जुनी_पद्मिनी

पाच-सहा गोलांसाठी सगळी गाडी घासायची? छे.

रंगारी_बाबा

काका अगदी बरोबर बोलले. करायचंच असेल तर फक्त बॉनेट, आणि तेही आत्ता नको. शेजारची इमारत कुठवर आली आहे?

विक्रोळीकर_मी

स्लॅब सगळे पडलेत. बाहेरचं प्लास्टर चालू होणार म्हणतात.

रंगारी_बाबा

म्हणजे खरी धूळ अजून यायची आहे. प्लास्टर आणि घासकाम संपेपर्यंत आठवड्यातून दोनदा नुसतं पाणी ओतून धूळ उतरवा आणि सीलंटचा एक हात देऊन ठेवा. पॉलिशचं मात्र शेजारचं बांधकाम उरकल्यावर बघू. आणि करून घ्याल तेव्हा दुकानदाराला आधी रंगाची जाडी मीटरवर मोजून दाखवायला सांगा. मीटर नाही म्हणाला तर दुसरीकडे जा.

मीनल_द

आणि तोवर स्टिल्टमधल्या जागेसाठी अर्ज देऊन ठेवा. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं, असं गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नियमावलीत) आहे. आमच्या सोसायटीत वर्षानुवर्षं तेच लोक आत होते. सर्वसाधारण सभेत विषय काढला, तेव्हा कुठे चिठ्ठ्या सुरू झाल्या.

विक्रोळीकर_मी

आमच्याकडे चिठ्ठ्या कधीच झालेल्या नाहीत. सेक्रेटरींना आजच लेखी देतो, पोच घेऊन.